गौतमी बलश्री

गौतमी बलश्री : (इ. स. पहिले-दुसरे शतक). सातवाहन वंशातील राणी. गौतमीपुत्र सातकर्णीची माता व वासिष्ठीपुत्र पुळुमावीची आजी. नासिकजवळील त्रिरश्मी डोंगरातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेल्या प्राकृत लेखांवरून तिची माहिती मिळते. प्राचीन महाराष्ट्रातील एका राणीने स्वतःविषयी काय सांगितले, हे कळण्याचे ते महत्त्वाचे साधन होय.

पहिला लेख गौतमीपुत्राच्या 24 व्या राज्यवर्षातील आहे. तो राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावे गोवर्धन येथील श्यामक या अमात्यास पाठविलेला आदेश आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नव्हते व ते गावही ओस पडले होते. म्हणून त्याऐवजी नगरसीमेवरील राजकीय मालकीची 100 निवर्तने जमीन द्यावी, असे त्यात फर्माविले आहे. येथे राणीस ‘जीवसुता’, म्हणजे जिचा पुत्र हयात आहे अशी, हे विशेषण लाविले आहे. ही राजमाता बलश्रीच होय, असे सामान्यतः मानले जाते.

दुसरा लेख पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातील आहे. त्या वेळी गौतमीपुत्र हयात नव्हता. हे लेणे भद्रायणीय भिक्षुसंघास दान देताना बलश्रीने स्वतःचे वर्णन सत्यवचन, दान, क्षमा व अहिंसा यांत रत असलेली, तप, दम, नियम व उपवास यांत तत्पर असलेली आणि ‘राजर्षिवधू’ हे पद सर्वार्थाने सार्थ करणारी, असे केले आहे. पुढे महाराजांची माता व महाराजांची पितामही ही नाती सांगितली आहेत. पतीचे नाव मात्र लेखात येत नाही. लेखाचा मोठा भाग दिवंगत पुत्राच्या गौरवाने व्यापला आहे : अश्मक, मूलक, अपरांत, विदर्भ इ. प्रदेशांचा स्वामी, शक, यवन व पह्लव यांचा संहारक, क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा, सातवाहन कुलाच्या यशाची पुनःस्थापना करणारा आणि मातेची अखंड सेवा करणारा. लेखाची शब्दरचना दरबारी लेखकाची असणे संभवनीय आहे; तथापि दानकर्त्रीस आपली कोणती प्रतिमा मागे ठेवावयाची होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

ही प्रशस्ती केवळ मातृप्रेमाची अतिशयोक्ती नव्हे. नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या क्षहरात राजा नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सु. दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उठविलेला आढळतो. उलट, इ. स. 150 च्या सुमाराच्या गिरनार लेखात शक क्षत्रप रुद्रदामन् सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप व आकरावंती हे प्रशस्तीतीलच प्रदेश आपले म्हणून सांगतो. सातवाहनांच्या कालक्रमाविषयी विद्वानांत एकमत नसले, तरी लेखातील वैभव कायम टिकले नाही, हे उघड आहे. राज्याच्या सीमा बदलल्या. मातेने दगडात कोरविलेले यश मात्र राहिले.

ईजिप्तची राणी हॅटशेपसूट (कार. इ. स. पू. सु. 1479–58) हिच्याशी तुलना उद्बोधक ठरते. तिने राजपद स्वतःकडे घेतले, पुरुष राजाच्या वेषात व कृत्रिम दाढीसह आपल्या मूर्ती घडविल्या आणि आपण अमून देवाची कन्या असल्याचे मंदिराच्या भिंतींवर कोरविले. तिच्या मृत्यूनंतर अनेक ठिकाणी तिचे नाव खोडून टाकण्यात आले. बलश्रीने राजपदावर हक्क सांगितला नाही. वधू, माता व पितामही या नात्यांतूनच तिने आपले मोठेपण मांडले. मात्र सातवाहन राजे मातृगोत्रावरून ‘गौतमीपुत्र’, ‘वासिष्ठीपुत्र’ असे म्हणवून घेत. त्यामुळे मातेच्या नात्यास राजकीय प्रतिष्ठाही होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात मुंबईत तयार झालेले भगवानलाल इंद्रजी (1839–88) यांनी नासिकच्या लेखांचे वाचन केले. ते मुंबई गॅझेटियरच्या नासिक खंडात (1883) प्रसिद्ध झाले. पुढे फ्रेंच पंडित एमील सनार यांनी त्यांचे चिकित्सक संपादन केले.