खीळ, पेन्सिल, टोचणी

“आधी वजन ठेव,” काका म्हणाले. शेजारचे हे काका जन्मभर मोजणीची कामं करत आले. शिशाचं ते वजन तळहातावर मावेल एवढंच, पण बोर्डावर टेकवलं की जागचं हलत नाही. त्याच्या खिळीभोवती पॅन्टोग्राफच्या, म्हणजे नकाशा लहान-मोठा करून उतरवणाऱ्या साधनाच्या, चार पितळी पट्ट्या फिरतात. पट्ट्यांचा समांतरभुज चौकोन कितीही उघडा-मिटा, खीळ, पेन्सिल आणि टोचणी एका सरळ रेषेतच राहतात. सगळी करामत यातच आहे. ख्रिस्टोफ शायनर या जर्मन जेझुइटाला ती १६०३ साली सुचली. १६३१ मध्ये त्याने तिच्यावर पुस्तक छापलं. आपल्या लोकलच्या टपावरच्या पेंटाग्राफला नाव मिळालं ते याच चौकटीवरून.

गावनकाशा निम्मा करायचा होता. दोन्ही सरकते ठोकळे निम्म्याच्या खुणेवर आणून स्क्रू आवळले. मग टोचणी ओढ्याच्या रेघेवर ठेवली.

पहिल्या वळणावर माझा हात थरथरला. नजर पेन्सिलीकडे गेली होती. “तिकडे बघू नकोस, रेघ बघ,” काका म्हणाले. पट्ट्यांखालची चाकं कागदावर अगदी बारीक खरखरत होती. एक बांध संपून दुसऱ्याकडे जाताना पेन्सिल उचलायची तर टोचणीजवळचा दोरा ओढायचा; तो पट्ट्यांवरून थेट पेन्सिलीपर्यंत गेलेला असतो. तासाभराने ओढा, गाडीवाट आणि गावठाण उतरलं. ओढा कुठे बांधाला चिकटतो, हे मला आता न बघता सांगता आलं असतं. नुसता नकाशा न्याहाळून ते कधी कळलं नव्हतं.

माझा थरथरलेला हात नकलेत जेमतेम दिसत होता, कारण लांबी निम्मी झाली तशी चूकही निम्मी झाली. पेन्सिल आणि टोचणीची अदलाबदल करून नकाशा मोठाही करता येतो, पण तेव्हा तीच थरथर दुप्पट होते. म्हणून काका शक्यतो नकाशा लहानच करून देत.

पॅन्टोग्राफच्या अशा पेट्या आज पितळेच्या भावाने मोडीत जातात. तुमच्या घरात, माळ्यावर एखादी असेल तर ती विकू नका. आणि ते वजन शोधून पेटीतच ठेवा. त्याच्यावाचून या पट्ट्यांना काही काढता येत नाही.