इंजिन फिरतें, पण मोटार सुरू होत नाहीं

पावसाळ्याच्या रात्रीं डॉक्टरांना रोग्याकडे तातडीनें जावयाचें असतें. किल्ली फिरवितांच इंजिन फिरतें, पण पेट घेत नाहीं. पुनःपुन्हां प्रयत्न केल्यास बॅटरी मात्र संपते. इंजिन नेहमींच्या वेगानें फिरत असल्यास बॅटरी व स्टार्टर बहुधा निर्दोष असतात. पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यांपैकीं कशाची उणीव आहे, हें शोधावें. प्रथम टाकी पाहावी. पेट्रोलचा उग्र वास आल्यास, काडी न ओढतां, थोडें थांबावें. जुन्या मोटारींत ठिणगीच्या तारांवरील ओल हें नेहमींचें कारण. किल्ली बंद करून त्या पुसाव्या. पुष्कळ नव्या गाड्यांत किल्ली लावतांच पंपाची गुणगुण ऐकूं येते. ती न आल्यास पेट्रोल पुढें जात नसावें. एवढ्यानेंहि यश न आल्यास दुसरें वाहन बोलवावें. मोटार थांबूं शकते, रोगी नाहीं.