वेलचीचा वास

डिसेंबर लागला की आमच्या भुसावळकडे भरिताचे बेत सुरू होतात. बामणोदची वांगी, ती भाजायला कपाशीच्या काड्या, बडगीत ठेचलेल्या हिरव्या मिरच्या अन् लसूण, वरून कांद्याची पात आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. मिरची कमी पडली तर ते भरीत कसलं! अशाच एका बेताला माझा भाचा भरीत बाजूला सारून नुसती दही-पुरी खात बसला होता. लहानपणी ठेच्यासाठी भांडणारा हा मुलगा. आधी लक्षात आलं ते माझ्या सासूबाईंच्या. "काय व माय, पोऱ्याले काय झालं? तिखट खात नाही का आता?" तो म्हणाला, "तोंड आलंय, आजी."

तोंड आलं म्हणजे उष्णता, हे आपलं ठरलेलं गणित. त्यात भुसावळचं ऊन, रेल्वेच्या परीक्षेसाठी रात्र-रात्र जागणं. मी गुलकंद आणला, सब्जा भिजवला, ताक सुरू केलं. त्याच्यासाठी फिकं वरण वेगळं काढून ठेवू लागले. दोन महिने मी हेच करत होते, आणि वर आपण भाच्याची किती काळजी घेतो म्हणून स्वतःवर खूशही होते!

पुढे दाढ दुखायला लागली म्हणून त्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, "स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाल." दोनच गेली, तीही कशीबशी. डॉक्टरांनी आरसा खाली ठेवून विचारलं, "पुडी किती वर्षांपासून?" मला रागच आला. म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरात कोणी तंबाखूला शिवत नाही." भाचाही म्हणाला, "तंबाखू नाही खात मी."

मैत्रिणींनो, तो खोटं बोलत नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. बाहेर आल्यावर तो मला समजावू लागला, "मावशी, तंबाखू म्हणजे आजोबा तळहातावर चुना लावून मळायचे ती. मी वेलचीची पुडी खातो. सगळेच खातात. अभ्यासात झोप येत नाही." सोबत एक लहान पुडी मिळते ना, असं विचारलं तर म्हणाला, "ती थोडीशीच टाकतो, चवीपुरती." त्या लहान पुडीतच तंबाखू असते.

आणि मी? त्याच्या खोलीत, शर्टाला, उशीला वेलचीचा वास यायचा. विडीचा वास आला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. वेलचीच्या वासाला मात्र मला वाटलं, मुलगा किती नीटनेटका राहतो!

बचत गटांच्या निमित्ताने माझं तरुण मुला-मुलींच्या शिबिरांना जाणं होतं. त्यानंतरच्या एका शिबिरात मी बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. पहिला प्रश्न, तंबाखू खाता का? जवळजवळ सगळीकडे ठळक अक्षरात 'नाही'. दुसरा प्रश्न, दिवसभरात काय-काय चघळता? त्यात आलं केशरवाली, वेलचीवाली, मिठी सुपारी, मेन्थॉलवाली 'थंडी' पुडी. 'नाही' लिहिणारे हातच हे लिहीत होते. एकीने लिहिलं होतं, 'सुपारी चालते, ती आपण पूजेतही ठेवतो.' एकाने लिहिलं होतं, 'ज्यावर कॅन्सरचा फोटो असतो ती तंबाखू, बाकीचं मुखवास.'

ही समजूत त्यांनी कुठून आणली? फोटोचंच घ्या. तंबाखूच्या पुडीवर 2016 पासून 85 टक्के जागेत चित्रासह इशारा छापावा लागतो. पानमसाल्यावर तसं भयंकर चित्र नसतं, नुसता मजकूर असतो. मुलं सोनेरी-हिरवी पुडी बघतात, चित्र दिसत नाही, मन निर्धास्त होतं. त्यात टीव्हीवर मोठमोठे नट वेलचीच्या नावाने त्याच ब्रँडच्या जाहिराती करतात. 2021 मध्ये अमिताभ बच्चन यांनी पानमसाल्याच्या अशा एका जाहिरातीतून माघार घेतली. 2022 मध्ये अक्षयकुमारने चाहत्यांची माफी मागून वेलचीची जाहिरात सोडली. बाकीचे आहेतच.

डॉक्टरांनी मला नंतर निवांत समजावून सांगितलं. वेलची, केशर, गुलाब हे तंबाखूचा कडवटपणा झाकतात. मेन्थॉलने तोंड गार पडतं, जरा बधिर होतं, जळजळ कळत नाही. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून पटकन रक्तात जातं. आणि तंबाखू नसलेली सुगंधी सुपारीसुद्धा निर्दोष नाही. गालाच्या आतली नरम कातडी सुतळीसारखी ताठ होते, ती मुख्यतः सुपारीमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच नुसत्या सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे. या ताठपणाची पहिली खूण कोणती? तिखट न सोसणं! म्हणजे डॉक्टरांच्या कितीतरी आधी हे आपल्या स्वयंपाकघरात कळायला हवं. मी मात्र सब्जा भिजवत बसले.

कुणी म्हणेल, सरकार काय करतं? आपल्या राज्याने 2002 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग जुलै 2012 मध्ये अन्न सुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाला बंद झाला. 2013 मध्ये सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही त्यात आली. तेव्हापासून वर्षा-वर्षाचे आदेश निघत आले. पण आपण राहतो सीमेजवळ. रावेर-मुक्ताईनगर ओलांडलं की मध्य प्रदेश. 'गुटख्याची गाडी पकडली' ही बातमी आपल्या पेपरांना नवीन नाही. जी गाडी पकडली जात नाही तिचा माल टपरीच्या फळीखाली असतो, आणि कोणाला द्यायचा हे टपरीवाल्याला चेहऱ्यावरून कळतं. परदेशातही हाच झगडा आहे. अमेरिकेने 2009 मध्ये फळांच्या अन् मिठाईच्या स्वादाच्या सिगारेटी बंद केल्या, कारण त्या कोवळ्या वयाला ओढतात. मेन्थॉलला मात्र तेव्हा हात लावला नाही.

सिगारेटचं आपल्याकडे भय जास्त, पण आकडे वेगळंच सांगतात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ओढणारे 3.8 टक्के होते, तर चघळणारे, घासणारे 24.4 टक्के.

'घासणारे' हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. डॉक्टरांसमोर मी ठणकावून सांगून आले होते की आमच्या घरात कोणी तंबाखूला शिवत नाही. आणि सासूबाई गेली चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात! ती डबी मी स्वतः वाण्याकडून आणते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मी ती तंबाखूत धरलीच नव्हती, जशी भाच्याने पुडी धरली नाही. त्या दिवसापासून त्याला रागावण्याची माझी हिंमत जरा कमीच झाली आहे.

त्याने पुडी सोडली आहे, एकदा घसरून पुन्हा सोडली. पहिले पंधरा दिवस फार चिडचिड केली. डोकं दुखायचं, पुस्तक आपटायचा. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची 1800-11-2356 ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा नंबर मी त्याला चिठ्ठीवर लिहून दिला. फोन त्याने माझ्यासमोर केला नाही, गच्चीवर जाऊन केला. डॉक्टर म्हणाले, ताठ झालेली कातडी पूर्वीसारखी होणं कठीण, पण वाढ थांबवता येते. शिवाय पुढे कर्करोगाची भीती असते, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवायला यावंच लागेल.

तोंड उघडण्याचा व्यायाम म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या असतात. हळूहळू एकेक वाढवायची. रात्री जेवणानंतर तो आरशासमोर उभा राहतो आणि सासूबाई पलंगावरून मोजतात. परवा एक काडी जास्त गेली. सासूबाईंनी मला हाक मारून दाखवलं, मग मिश्रीची डबी उशीखाली सरकवत म्हणाल्या, "माझं राहू दे व आता." मी डबी मागितली नाही. पण या महिन्याच्या वाण्याच्या यादीत मिश्री लिहिलेली नाही, आणि त्यांना ते अजून सांगितलेलं नाही.