बडीशेपेच्या बशीतला मुशाहिरा

कोल्हापूरहून भोगावतीच्या काठाकाठाने दाजीपूरकडे आणि तेथून फोंडाघाट उतरून कोकणात जाणाऱ्या रस्त्यावर, राधानगरीच्या आसपास, जेवणाची जी हॉटेले आहेत, त्यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता आली, राऊतवाडीचा धबधबा कोसळू लागला, की शनिवार-रविवारी खालून गाड्यांची रीघ लागते, आणि भिजून गारठलेल्या त्या समस्त मंडळींना एकाच वेळी, म्हणजे दुपारी एक ते चारच्या दरम्यान, कढत तांबडा रस्सा हवा असतो. अशाच एका हॉटेलात, मालकांशी जुना परिचय असल्यामुळे, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून सारा व्यवहार न्याहाळण्याची मुभा मला मिळाली. ताटात काय वाढले जाते याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. वाढणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे पाहण्याची मला उत्सुकता होती.

वेटरचे काम गिऱ्हाईक टेकण्याच्या आधी सुरू होते आणि ते उठल्यानंतरही संपत नाही. ओल्या फडक्याने टेबल पुसायचे, पाण्याचे ग्लास मांडायचे, चारजणांच्या चार निरनिराळ्या फर्माइशी तोंडपाठ करून त्या मुदपाकखान्याच्या खिडकीत एका दमात ओरडून सांगायची, दोन ताटे हातांत आणि तिसरे मनगट व कोपर यांच्यामधल्या जागेवर तोलून ओल्या फरशीवरून चालत यायचे, आणि पुढे अर्धा तास, हाक येण्यापूर्वीच वाटीचा तळ हेरून, ओगराळ्याने पांढरा आणि तांबडा रस्सा वाढत फिरायचे. रस्सा मागून घेण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क आमच्या जिल्ह्यात जवळपास सनदशीर मानला जातो. त्या हक्काची सगळी पायपीट मात्र वेटरच्या वाट्याला येते.

मग बिल येते, आणि बिलासोबत बडीशेपेची बशी. या बशीचे शास्त्र मला त्या स्टुलावर बसल्यावर उमगले. साडेनऊशेचे बिल झाले आणि गिऱ्हाइकाने हजार दिले, तर गल्ल्यावरचा अनुभवी माणूस उरलेले पन्नास एका नोटेत कधीच परत पाठवीत नाही. दहा-दहाच्या पाच नोटा पाठवितो, कारण पन्नासाची नोट गिऱ्हाईक निमूटपणे खिशात घालते आणि दहाच्या पाच नोटांपैकी एखादी तरी उचलताना त्याचा हात अडखळतो. या अडखळण्यावरच वेटरची वरकमाई अवलंबून आहे. तो बशी ठेवून मुद्दाम दोन पावले मागे सरतो आणि दुसऱ्याच टेबलाकडे पाहू लागतो. मागायचे नाही, पण विसरूही द्यायचे नाही, अशी ती नाजूक कसरत असते.

अलीकडे या शास्त्रावर गंडांतर आले आहे. गल्ल्यावर, दत्तमहाराजांच्या तसबिरीखाली, चौकोनी ठिपक्यांची पाटी लागली. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करते, रक्कम पैशापैशासकट चुकती होते, भोंगा ती मोठ्याने जाहीर करतो आणि सुटे उरण्याचा प्रश्नच निर्माण होत नाही. बशीत उरते ती केवळ बडीशेप. एखादा उदार गृहस्थ बिलावर वीस रुपये जास्त पाठवून ‘हे पोराला द्या’ म्हणतो खरा. परंतु ते वीस रुपये मालकांच्या खात्यात जाऊन पडतात, आणि गर्दीच्या धांदलीत ते कोणत्या टेबलाचे, कोणत्या पोराचे, याची नोंद कोण ठेवणार? “आधी रविवारी हाताला काय तरी लागायचं,” एक तरुण वेटर मला म्हणाला. “आता समदं मालकांच्या मोबाईलात जातंय. मागायचं तरी कसं सर?”

जे रोख मिळते, ते पत्र्याच्या एका डब्यात पडते आणि रात्री शेवटचे टेबल पुसून झाल्यावर त्याची वाटणी होते. वाटणीचा दस्तूर कोठे लिहिलेला नाही, पण त्यावरून तंटा होत नाही, इतका तो मुरलेला आहे. वेटरांना एकेक वाटा, फडके मारणाऱ्या नवख्या पोराला अर्धा. वस्ताद, म्हणजे आचारी, वाट्यात बसत नाही, कारण त्याचा पगार मोठा आणि मिजास त्याहून मोठी. मोरीवर भांड्यांच्या राशीत दिवसभर ओणवा असणाऱ्या माणसाला कोणाच्या मनात आले तर दहा रुपये. आणि चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या दोन बायकांची तर या प्रकरणात गणतीच नाही. त्यातल्या एका मावशींना मी विचारले, तेव्हा हाताखालची भाकरी न थांबविता त्या म्हणाल्या, “आमाला कोन देनार? गिऱ्हाईक चुलीपतूर येतंय व्हय?” ज्या ताटाची एवढी वाहवा होत होती त्यातली भाकरी त्यांची होती. बक्षिशी ही श्रमाला मिळत नसून दृष्टीस पडलेल्या श्रमाला मिळते, हा तिचा मूळचा दोष आहे आणि कोणत्याही वाटणीने तो पुरता फिटत नाही.

पगाराची भाषा येथे ‘राहून-जेवून’ अशी आहे. माळ्यावर पथारी, दोन वेळचे जेवण, चहा, आणि वर महिन्याला ठरलेला आकडा. सणाला किंवा घरच्या आजारपणाला उचल मिळते, आणि मालकांच्या लांबट वहीत ती ज्या रकान्यात चढते तो रकाना पगाराच्या रकान्यापेक्षा अधिक काळजीपूर्वक भरलेला मी पाहिला. फुटलेल्या कपबश्यांची वजावटही तेथेच. उचल फिटेपर्यंत माणूस हलत नाही. मालक तिला मदत म्हणतात, आणि ती मदत असतेही, परंतु तीच बेडीही असते.

कायदा या सर्व प्रकारात काय म्हणतो? हॉटेल व उपाहारगृहे यांतील नोकरी 1948च्या किमान वेतन अधिनियमाखाली महाराष्ट्रात अनुसूचित रोजगारांत गणली गेली. क्षेत्रपरत्वे परिमंडळे पाडून दर ठरले, शहराचा दर चढा आणि आमच्यासारख्या ग्रामीण भागाचा उतरता, आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता दर सहामाहीस बदलू लागला. 2019च्या वेतन संहितेने तो अधिनियम आणि आणखी तीन कायदे आपल्यात सामावून घेतले, आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी ती अंमलात आली. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, वेतनाची चिठ्ठी द्यावी, नुकसानीची वजावट करण्यापूर्वी नोकराचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि एकूण वजावट निम्म्या वेतनापलीकडे जाऊ नये, अशी तिची आज्ञा आहे.

बक्षिशीविषयी मात्र आपला कायदा बोलला तो मुख्यतः करवसुलीच्या निमित्ताने. मोठ्या हॉटेलांत कार्डावरून बिलासोबत येणारी टिप ही पगार समजून तीवर मालकाने मुळाशी करकपात करावी काय, असा वाद आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2016 साली न्यायालयाने निर्णय दिला, की ती रक्कम गिऱ्हाइकाकडून येते, मालक केवळ विश्वस्त म्हणून ती हाताळतो, सबब ती पगार नव्हे. पंचतारांकित वादात निघालेले हे तत्त्व ठिपक्यांच्या पाटीला लावून पाहावे, असे मला वाटते; भोंग्याने जाहीर केलेले ते वरचे वीस रुपये मग मालकांचे कसे म्हणता येतील? सेवाशुल्काचा तंटा निराळा. ते बिलात आपोआप लावू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये फर्माविले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम केले. त्यात गिऱ्हाइकाची बाजू निकालात निघाली. वेटरची बाजू त्या वादात उपकथानकापुरतीच होती.

परदेशांत याच्या दोन्ही तऱ्हा दिसतात. ब्रिटनने 2023 साली कायदा करून ऑक्टोबर 2024 पासून टिपेची पुरती रक्कम नोकरांतच न्याय्य रीतीने वाटण्याची सक्ती मालकांवर केली. उलट अमेरिकेत टिप मिळविणाऱ्या नोकराला मालकाने रोख द्यावयाचा संघराज्याचा किमान दर 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर खिळलेला आहे आणि बाकीची भर गिऱ्हाइकाच्या टिपेने पडेल असे गृहीत धरले आहे. टिप अपुरी पडल्यास उरलेले मालकाने भरावे, हे कलम असले तरी ते वसूल करणे नोकराच्याच शिरावर. बक्षिशीला पगाराचे रूप दिले, की पगारालाच बक्षिशीची अवकळा येते, याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे नसेल.

राधानगरीत बसून हे लिहिताना त्या गावच्या धरणाची आठवण न होणे कठीण. चार महिन्यांत धो-धो कोसळून वाहून जाणारे पाणी बारा महिने पुरावे, एवढ्यासाठी शाहू महाराजांनी ते बांधावयास घेतले. बक्षिशी हा तसा नुसता पाऊस आहे, आणि हॉटेलच्या धंद्यात बांध घालण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. महाराजांचीच दुसरी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पागेतल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना साहाय्य करून कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. महाराजांना मूठभर रुपये हातावर ठेवून मोकळे होता आले असते. त्यांनी दिला तो धंदा, आणि त्या धंद्याला चारचौघांत मान.

मालकांची बाजू ऐकल्याशिवाय उठणे अन्यायाचे झाले असते. मटणाचा भाव, गॅस, जागेचे भाडे, पावसाळा ओसरल्यावर ओस पडणारी टेबले, हा पाढा खोटा नाही. “दर वाढवला, तर गिऱ्हाईक पुढच्या हॉटेलात जातंय,” ते म्हणाले. पुढच्या हॉटेलवाल्यालाही तोच दर देणे भाग पडले तर, असे मी विचारले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “त्याला कोण भाग पाडणार?” प्रश्न उद्धट नव्हता, उभ्या धंद्याचा अनुभव त्यात होता.

त्या तरुण वेटरला मी नव्या संहितेतील तजवीज समजावून सांगितली. कमी मिळालेल्या वेतनाची मागणी करण्यास पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, ती आता तीन वर्षांची झाली आहे. अर्ज स्वतः करता येतो, संघटनेमार्फत करता येतो, निरीक्षकालाही करता येतो. त्याने सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि कचेरी कोठे आहे, असे विचारले. कोल्हापुरात, असे मी सांगताच त्याने मनाशी हिशेब केला: एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे, एका दिवसाचा खाडा, आणि साहेब जागेवर नसले तर पुन्हा तेच. “आणि उचल हाय माझी अजून,” तो म्हणाला, आणि खिडकीतून वस्तादाची हाक आली तसा ताटे घ्यायला गेला.