हातात हुनर आहे, पण कागद कोणता?
दवाखान्यातील आया, मावशी आणि वॉर्डबॉय यांच्या प्रशिक्षणाचे नियम काय सांगतात

करमाड : शहरातून जालना रोडने पूर्वेला निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर करमाड लागते. रेल्वे स्टेशन, रस्त्याच्या कडेची दुकाने, आणि अलीकडेच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यातील तरुण कारखान्यात लागतात हे सर्वांना माहीत आहे. परंतु येथील कारागीर घरांतल्या मुली आणि बाया शहरातील दवाखान्यांत ड्युटी करतात, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. त्यांना कोणी आया म्हणते, कोणी मावशी. पुरुष असेल तर मामा किंवा वॉर्डबॉय. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, भरवणे, स्ट्रेचर ओढणे ही सारी कामे त्यांचीच.

आमच्या ओळखीतील एका शिलाई कारागिराने आपल्या मुलीला असेच या कामात घातले. एका खाजगी संस्थेत 'एक वर्षाचा नर्सिंग कोर्स' म्हणून त्याने उसनवारी करून फी भरली. वर्ष संपले, रंगीत सर्टिफिकेट हातात पडले. मुलगी ते घेऊन दवाखान्यात गेली तेव्हा पहिला प्रश्न आला, "कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर कोणता?" नंबर नव्हता आणि तो मिळणारही नव्हता. आज ती आयाचेच काम करते, आयाच्याच पगारात. कर्ज मात्र बापाच्या डोक्यावर आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. नियम काय आहे हे आपल्या लोकांना ठाऊक नसते, आणि या अज्ञानावर दुकाने चालतात.

नर्स कोण आणि आया कोण?

पहिली गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. नर्स हा शब्द आपल्या राज्यात कोणीही लावून घ्यावा असा नाही. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 नुसार महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. त्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षण हवे. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. सहा महिन्यांत किंवा एका वर्षात नर्स करून देतो असे कोणी सांगितले, तर तेथून उठून यावे हे बरे.

आता आयाचे काय? खाजगी दवाखान्यांसाठी आपल्याकडे 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. आजार, दुखापत किंवा अशक्तपणा असलेल्या माणसांना ठेवून घेऊन जेथे उपचार आणि शुश्रूषा होते, ती जागा या कायद्याने नर्सिंग होम ठरते. प्रसूतिगृहही त्यात येते. नोंदणीशिवाय असा दवाखाना चालवता येत नाही. 2021 साली राज्य सरकारने या कायद्याखालील नियमांत दुरुस्ती करून रुग्णांच्या हक्कांची सनद आणली. पण मूळ कायद्याचा भर डॉक्टर आणि पात्र परिचारिका यांच्यावर आहे. आयाने किती तास शिकावे, कोणती परीक्षा द्यावी, हे तो कायदा सांगत नाही. म्हणून काल घरकाम करणारी बाई आज वॉर्डात उभी राहते आणि जुन्या मावशीचे पाहून शिकते.

आपल्या कारागिरांना ही पद्धत नवी नाही. गवंडी, रंगारी, फिटर, सगळे उस्तादाच्या हाताखाली असेच शिकले. पण भिंत वाकडी झाली तर पाडून पुन्हा बांधता येते. झोपून असलेल्या म्हाताऱ्याची कूस वेळच्या वेळी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात आणि त्या महिनोन्महिने भरत नाहीत. आडवे झोपवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून येथे पाहून शिकणे पुरेसे नाही.

जनरल ड्युटी असिस्टंट

या कामासाठी देशपातळीवर जो दर्जा ठरला, त्याचे नाव जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए. 2013 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. त्यात हे काम चौथ्या पातळीवर आहे. अभ्यासक्रम आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने, म्हणजे हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने, तयार केला. घरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी होम हेल्थ एड असा वेगळा अभ्यासक्रम आहे, आणि वृद्धांच्या देखभालीसाठी आणखी वेगळा. प्रशिक्षण काही महिन्यांचे असते. त्यात वर्गातील शिक्षण आणि प्रत्यक्ष सराव दोन्ही येतात. शेवटी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा होते, आणि ती शिकवणाऱ्या संस्थेने नव्हे तर बाहेरच्या परीक्षकाने घ्यायची असते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्याने फी घेतली त्यानेच पास करायचे, असे येथे नाही.

जीडीए झालेला माणूस नर्स होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, आपल्या मनाने औषध देणे ही त्याची कामे नव्हेत. दवाखान्यात कोणी तसे करायला सांगितले तर नकार द्यावा. काही बरेवाईट झाले तर नाव गरिबाचेच पुढे येते.

ज्या बाया आधीच पाच-दहा वर्षे काम करीत आहेत, त्यांनी पुन्हा सारा कोर्स करायची गरज नाही. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देण्याची सोय करण्यात आली. थोडी उजळणी, मग परीक्षा आणि प्रमाणपत्र. आमच्या मते आपल्या घरांतील अनुभवी आपा आणि खालांना ही वाट सर्वांत सोपी आहे. याच योजनेखाली जून 2021 मध्ये कोरोनाच्या काळात एक लाख आरोग्य मदतनीस तयार करण्याचा खास कार्यक्रम जाहीर झाला होता. त्यात घरगुती देखभालीसह सहा प्रकारची कामे होती.

एक नियम मात्र सक्तीचा

आयाच्या प्रशिक्षणाबाबत कायदा अगदीच गप्प आहे असे नाही. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 प्रमाणे, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लसही द्यायची आहे. रक्ताने माखलेले बँडेज व कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया व ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या डब्यात. सुई टोचते ती बहुधा आयाला किंवा सफाईवाल्याला. आपल्या घरातील कोणी दवाखान्यात असेल तर आज रात्रीच विचारा, लस दिली का? दिली नसेल तर ती मागणे हा तिचा हक्क आहे.

अमेरिकेत काय आहे?

अमेरिकेत वृद्धांच्या नर्सिंग होममधील निष्काळजीपणावर मोठी ओरड झाली आणि 1987 साली तेथील संसदेने कायदा केला. मदतनिसाला किमान 75 तासांचे प्रशिक्षण, त्यातले 16 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. कामाला लागल्यापासून चार महिन्यांत परीक्षा पास व्हावी लागते. पुढे दरवर्षी 12 तास उजळणी. प्रत्येक राज्यात मदतनिसांची नोंदवही असते आणि कोणी रुग्णाला छळल्याचे सिद्ध झाले तर तेही त्यात नोंदले जाते. सर्वांत घेण्यासारखी गोष्ट अशी की, नर्सिंग होमने ज्याला कामावर घेतले किंवा काम देऊ केले, त्याच्याकडून या प्रशिक्षणाचा पैसा घेता येत नाही. आपल्याकडे मात्र मजुराच्या बापाने कर्ज काढायचे आणि फायदा दवाखान्याने घ्यायचा, अशी उलटी रीत आहे.

फी भरण्यापूर्वी

प्रवेश घेताना चार प्रश्न विचारावेत. कोर्सचे नेमके नाव काय आणि तो कौशल्य आराखड्यात कोणत्या पातळीवर आहे? परीक्षा कोण घेणार? प्रत्यक्ष सराव कोणत्या दवाखान्यात आणि किती तास? सरकारी योजनेतून हाच कोर्स विनाशुल्क मिळतो का? उत्तरे लेखी मागावीत. फीची पावती घेतल्याशिवाय पैसा देऊ नये. प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे सरकारच्या स्किल इंडिया पोर्टलवर पडताळता येते.

रुग्णसेविका पुरवणारे ब्यूरो चालवणारे व्यापारी आपल्यातही आहेत. त्यांनीही विचार करावा. स्त्री रुग्णाला स्त्री मदतनीसच हवी, अशी आपल्या घरांत मागणी असते आणि शिकलेली बाई पाठवली तर ग्राहक टिकतो. मग तिच्या परीक्षेचा खर्च ब्यूरोने करावा, कमिशन किती कापणार हे आधी कागदावर लिहून द्यावे. दवाखान्याच्या मालकांनीही आपल्या जुन्या आयांना परीक्षेसाठी चार दिवस भरपगारी सुटी द्यावी.

त्या शिलाई कारागिराची मुलगी आता अनुभवाच्या आधारे जीडीएची परीक्षा देण्याच्या तयारीत आहे. बाप म्हणतो, "कापड घेताना मी दहा वेळा हाताने चाचपतो. सर्टिफिकेट मात्र न बघताच घेतले." करमाड असो की शहर, आपल्या बांधवांनी यापुढे सर्टिफिकेटही चाचपूनच घ्यावे.