भोपळ्यातली म्हातारी वाघाला का दिसत नाही?

हिवाळ्यात जळगावच्या मेहरूणची बोरं आली की घरोघर लपवालपवी सुरू! समजा, गोट्यानं आपली बोरं डब्यात ठेवली आणि तो मेहरूण तलावावर फिरायला गेला. मागे आजीनं ती टोपलीत काढली. परत आल्यावर गोट्या आधी कुठे बघेल?

डब्यात. बरोबर! पण हेच एखाद्या तीन वर्षांच्या भावंडाला विचारा. बहुतेक उत्तर येईल, “टोपलीत!” आपल्याला माहीत आहे म्हणजे गोट्यालाही माहीत असणार, असा त्याचा हिशेब. हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मुलांना अशीच गोष्ट ऐकवली होती, फक्त बोरांऐवजी चॉकलेटची. मूल साधारण चार-पाच वर्षांचं झालं की दुसऱ्याच्या मनात वेगळं काही असू शकतं, हे उमगू लागतं. दुसऱ्याच्या मनाचा असा विचार करताना मेंदूचा कानाच्या जरा वरचा, मागच्या बाजूचा भाग विशेष कामाला लागतो. आणि गंमत म्हणजे गोष्टीतल्या, कधी जन्मालाच न आलेल्या माणसांसाठीही तो राबतो!

म्हणून तर भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट रंगते. ती आत आहे हे तुम्हाला ठाऊक, वाघाला नाही. वाघाच्या डोक्यात शिरता आलं नाही, तर त्यात मजा ती काय?

आता जरा अवघड गोष्ट घेऊ. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यात पोहायला घाबरून श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीनं मारते. श्यामच्या मनात पाण्याची भीती आणि आईचा राग. आईच्या मनात मात्र एकच घोर: माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये. मारून तिलाच रडू येतं. तुम्ही वाचता तेव्हा ही दोन्ही मनं तुमच्या एकाच डोक्यात नांदतात, केवढं नवल! आणि तिसरं मन लिहिणाऱ्याचं. तो श्यामच आहे, पण मोठा झालेला. लपून बसलेल्या श्यामला जे कळलं नव्हतं, ते त्याला कळलंय.

आईचं मन कळलं म्हणजे तिचं मारणं पटलंच पाहिजे, असं मात्र मुळीच नाही. मला ते आजही पटत नाही, तरी तिचा राग येत नाही. तुम्ही तो प्रसंग एकदा श्याम होऊन वाचा, एकदा आई होऊन. कुठल्या वाक्याला तुमचं मत बदललं, तिथे पेन्सिलीनं खूण करा.