जुन्या संगणकास कोणती कार्यप्रणाली मानवेल?

कर्जत-खालापूरकडील शेतकऱ्यास भाताची जात कशी निवडावी हें शिकवावें लागत नाहीं. पाणी लवकर ओसरणाऱ्या उंच खाचरांत हळवें भात आणि पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट खाचरांत गरवें, हा नियम त्यास ठाऊक असतो. कर्जतच्या संशोधन केंद्रांतून निघालेली कर्जत-३ ही हळवी जात चांगली असली, तरी ती प्रत्येक खाचरास मानवेल असें कोणी म्हणत नाहीं. संगणकाचे बाबतींत मात्र हाच मनुष्य दुकानदार सांगेल तें ऐकतो, आणि दुकानदार बहुधा नवें यंत्र घ्या असेंच सांगतो. हा सल्ला कितपत घ्यावा याचा विचार येथें करावयाचा आहे.

संगणकाचे भाग आणि आपलीं कामें यांची सांगड घालून देणारी मूळ व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. कचेरींतील अव्वल कारकुनाप्रमाणें कोणतें काम आधीं घ्यावें व कोणता कागद कोठें ठेवावा हें ती ठरविते. आपल्याकडील बहुतेक जुन्या यंत्रांवर विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे. तिची नेहमींची डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. नांव नोंदविणाऱ्या घरगुती यंत्रांपुरती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत तिनें ठेविली. डागडुजी थांबली म्हणून यंत्र बंद पडत नाहीं. परंतु बांधास भगदाड पडलें तरी तें बुजविणारा कोणी उरत नाहीं. अशा यंत्रावरून बँकेचा व्यवहार करणें म्हणजे आपली जमा उघड्या खळ्यांत टाकून निजणें होय.

मग विंडोज ११ घालावी, असें कोणी म्हणेल. तिला ४ जीबी रॅम व ६४ जीबी जागा पुरते. पण त्यावर टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेल प्रोसेसर असल्यास तो साधारणपणें आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील असावा लागतो. त्यामुळें २०१७ च्या पूर्वीं घेतलेलीं यंत्रें या नियमांत बसत नाहींत. नियम चुकवून ती बसविण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतात. परंतु अशा यंत्रास पुढील डागडुजी मिळेलच याची हमी कंपनी देत नाहीं.

दुसरी वाट लिनक्सची. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा प्रसिद्ध केला. ती फुकट मिळते म्हणून कमअस्सल समजूं नये. केरळांतील सरकारी शाळांचें संगणक-शिक्षण हिच्यावरच चालतें. आपल्या सी-डॅक संस्थेनेंही भारतीय भाषांच्या सोयीसह ‘बॉस’ नांवाची लिनक्स प्रणाली सिद्ध केली आहे.

आतां यंत्राची प्रत पाहून निवड करावी. ४ जीबी रॅम असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी. तिची मांडणी विंडोजच्या वळणाची असल्यानें हात लवकर बसतो, आणि २०२४ सालीं निघालेल्या २२ व्या आवृत्तीस २०२९ पर्यंत डागडुजी मिळावयाची आहे. रॅम २ जीबीच असेल तर डेबियनवर एलएक्सक्यूटी ही त्याहून हलकी मांडणी घ्यावी. यंत्र केवळ ३२ बिटी असेल तर त्यावर फार खर्च करूं नये. डेबियननेंही ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्यानें स्थापना करण्याची सोय बंद केली. ६४ बिटी यंत्र मंद असण्याचें कारण पुष्कळदां त्यांतील फिरती हार्डडिस्क असतें. ती काढून एसएसडी बसविल्यास नव्या यंत्राच्या मानानें थोड्या खर्चांत मोठा फरक पडतो.

यंत्राइतकेंच कामही पाहावें. सातबारा व फेरफार पाहणें, पत्रें लिहिणें, खर्चाचे तक्ते मांडणें हीं कामें लिनक्सवर सुखानें होतात. इनस्क्रिप्ट पद्धतीनें मराठी लिहिण्याची सोय तींत असते. परंतु ज्या सोसायटीचे हिशेब टॅलीवर आहेत, तिनें बदल करूं नये. टॅली विंडोजसाठींच बनलेली आहे. तेथें हिशेबाचें जुनें यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवावें, किंवा सोसायटीच्या खर्चानें नवें घ्यावें. कांहीं छापयंत्रें व डिजिटल सहीचीं उपकरणें लिनक्सवर चालत नाहींत, हेंही आधींच तपासावें.

एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. वाटपपत्रें, अर्ज, जबाब असे अनेक मराठी कागद पूर्वीं युनिकोड नसलेल्या अक्षरठशांत लिहिलेले असतात. ते ठसे नव्या यंत्रावर नसल्यास मजकुराच्या जागीं निरर्थक चिन्हें उमटतात. महसुलांतील आमच्या नोकरींत एक नियम होता: नवें दप्तर उघडण्यापूर्वीं जुन्याची नक्कल ताडून घ्यावी. तोच येथें पाळावा. असे कागद जुन्या यंत्रावर असतांनाच युनिकोडमध्यें बदलून घ्यावे, अथवा निदान पीडीएफ करून व छापून ठेवावे.

सारें शेत एकदम नव्या जातीखालीं न घालतां शहाणा शेतकरी आधीं एका वाफ्यांत ती लावून पाहतो. लिनक्सची तशी परीक्षा घेतां येते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवून त्यावरूनच यंत्र सुरू करावें. डिस्कवरील मजकुरास धक्का लागत नाहीं. छापयंत्र, वायफाय, मराठी लेखन आणि भूमि अभिलेखाचें संकेतस्थळ हीं चारही नीट चाललीं, तरच पुढें जावें. कायम स्थापनेच्या वेळीं डिस्क पुसली जाते, म्हणून सर्व कागदांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन, ती उघडते कीं नाहीं हें स्वतः पाहावें. हें काम लावणी-कापणीच्या घाईंत न घेतां सवडीच्या दिवसांत घ्यावें, आणि घरांतील एखाद्या शिकत्या मुलास किंवा मुलीस जोडीस बसवावें. एवढें करूनही यंत्र कामास येत नाहीं असें दिसलें, तर मग खुशाल दुकानाची वाट धरावी.